संत्र्याचा बर्फ आणि व्हॅनिला: तलावपाळीची ती कांडी आठवतेय का कुणाला?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले, एका कांडीचा शोध चालू आहे. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. मागच्या महिन्यात नवी कवळी बसवली, हिरड्या दुखायला लागल्या, म्हणून डॉक्टर म्हणाले गार काहीतरी चोखू द्या. आईला विचारलं काय आणू, तर क्षणभरही न थांबता म्हणाली, "तलावपाळीची ती संत्र्याची नि व्हॅनिलाची कांडी आण."

ते ऐकलं आणि माझ्याही जिभेवर ती चव आली. 1983-84 ची गोष्ट. रविवारी संध्याकाळी बाबा आम्हाला ठाण्यातल्या कौपिनेश्वराच्या देवळात न्यायचे, तिथून तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाने, फेरी. कठड्यावर बसून कांडी खायची. आधी संत्र्याचा बर्फ, दात आंबवणारा, आणि त्याच घासात दुधाळ व्हॅनिला. मला ती जागा आठवते जिथे नारिंगी संपून पांढरं लागायचं. तिथे जीभ थांबायची. हाताच्या कोपरापर्यंत ओघळ जायचा आणि आई पदराने पुसायची.

राम मारुती रोड झाला, गोखले रोड झाला, जांभळी नाक्यापर्यंत दुकानांतले सगळे फ्रीजर बघून झाले. साधी ऑरेंज कँडी मिळते. मँगो डॉली मिळते. संत्र्याची आणि आत व्हॅनिला अशी मिळत नाही. म्हणून घरी करायला घेतली. पहिल्यांदा मऊ झालेल्या व्हॅनिलात संत्र्याचा रस ओतला, तर सगळं फाटल्यासारखं झालं, बारीक कण कण. दुसऱ्यांदा व्हॅनिलाची घट्ट कांडी करून ती रसात बुडवली, तर रस धरेचना. जो पापुद्रा धरला तो आईने पहिला चावा घेताच निखळून तिच्या मांडीवर पडला.

दोन प्रश्न. ठाणे किंवा नवी मुंबईत ही कुठे मिळते? आणि नाहीच मिळत तर घरी नीट कशी करायची?

साधा_वाचक

वाशी सेक्टर 17 ला बघितलंत का? तिथे बरंच काही मिळतं.

येऊरवासी

ताई, तुमचं मन मोडायचं नाही, पण मला वाटतं तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एक करताय. माझं सगळं बालपण चरईत गेलं. त्या काळी ऑरेंज बार मिळायचा, तो आरपार संत्र्याचा बर्फ. आत काही नाही. चोखत राहिलं की रंग आणि गोडी निघून जायची आणि हातात पांढरी काचेसारखी कांडी उरायची. आत व्हॅनिला असायचं ते रास्पबेरी डॉलीत, ती लालभडक. संत्र्यात व्हॅनिला मी तलावपाळीला कधी खाल्लं नाही, आणि आम्ही तिथे रोज पडीक असायचो.

पाचपाखाडीकर

@येऊरवासी, नाही हो. मला नारिंगी आणि पांढरं दोन्ही लख्ख आठवतंय. आणि आईलाही आठवतंय.

हळदकुंकू

रास्पबेरी डॉली! जीभ लाल करून घरी गेलं की आजी म्हणायची, पान खाल्लंस का गं. आम्ही बहिणी आरशासमोर उभ्या राहून कुणाची जीभ जास्त लाल ते बघायचो.

न्यूजर्सीत_ठाणेकर

ताई म्हणतात तशी कांडी इथे सर्रास मिळते, क्रीमसिकल म्हणतात. बाहेर संत्र्याचा बर्फ, आत व्हॅनिला आइस्क्रीम, मधे काडी. इथल्या लोकांना ती इतकी प्रिय की 14 ऑगस्ट हा तिचा दिवस म्हणून साजरा करतात.

तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे पॉप्सिकलची, गोष्ट मला फार आवडते. 1905 साली कॅलिफोर्नियात फ्रँक एपरसन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने सोड्याची पावडर पाण्यात ढवळली आणि पेला ढवळायच्या काडीसकट रात्री बाहेर विसरला. थंडी पडली, सकाळी काडीला धरून बर्फ बाहेर आला. पुढे मोठा झाल्यावर 1924 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. क्रीमसिकल हे त्याच घराण्यातलं पुढचं नाव.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात खाल्ली तेव्हा मला मात्र तलावपाळी आठवली नाही, रास्पबेरी डॉलीच आठवली. त्यामुळे माझं मत येऊरवासींच्या बाजूने.

मुलुंडचा_मेलबर्नला

इकडे स्प्लाइस मिळते. बाहेर अननस-लिंबाचा हिरवट बर्फ, आत व्हॅनिला. इंग्लंडमधला माझा भाऊ सोलेरोचं कौतुक करतो, त्यात बाहेर आंबा आणि पॅशनफ्रूट, आतमध्ये पुन्हा व्हॅनिलाच. बाहेरचं फळ देशागणिक बदलतं, आतलं व्हॅनिला कुठेच बदलत नाही.

सुगरण_नेरुळ

पाचपाखाडीकर, दुकान शोधत बसू नका, घरी करा. आईसाठी घरचंच बरं, रंग नाही, सॅकरिन नाही. रसाचं म्हणाल तर चार संत्री, अर्धी वाटी साखर, थोडं लिंबू. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून रस चाखताना जरा जास्तच गोड लागला पाहिजे.

फळबाजार

सुगरणताई, संत्री कुठून आणणार? माझा तुर्भ्याच्या एपीएमसी फळ मार्केटला रोजचा संबंध आहे, म्हणून सांगतो. नागपुरी संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास येतो, मृग बहार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिल उलटला की चांगलं नागपुरी संत्रं शोधावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना कांडी हवी असते. उन्हाळ्यात चमकदार, घट्ट सालीची परदेशी संत्री मिळतात. रस भरपूर, पण नागपुरी संत्र्याचा तो वास नाही. कांडीला वासच महत्त्वाचा, कारण गार खाताना जिभेला निम्मं कळत नाही.

मोसंबी चालेल का असं विचाराल तर चालेल, पण ती कडू पडते. रस काढून ठेवला की तासाभरात कडवट व्हायला लागतो.

दूधवाला_केमिस्ट

फळबाजारकाकांनी कडूपणाचा मुद्दा काढला हे फार बरं झालं, कारण घरच्या संत्रा कांडीचा खरा घात तिथेच होतो. संत्रं-मोसंबीच्या बिया आणि फोडींच्या पांढऱ्या सालीत एक द्रव्य असतं, ते फळात असताना कडू नसतं. रस काढला की रसाच्या आंबटपणात त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि संध्याकाळपर्यंत ठेवला की तोंड वाकडं होतं. उपाय: मिक्सरला अजिबात लावायचं नाही, बिया ठेचल्या जातात. हाताने पिळायचा, गाळायचा, आणि लगेच गोठवायचा. वास हवा असेल तर सालीचा फक्त नारिंगी भाग किसणीवर हलक्या हाताने दोनदा घासून साखरेत चोळून ठेवा. पांढरा भाग येता कामा नये.

आता पाचपाखाडीकर ताईंचा फाटलेला प्रयोग. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. दुधातलं केसीन हे प्रथिन साधारण 4.6 पीएचला साकळतं. संत्र्याचा रस त्याहून बराच आंबट, साडेतीनच्या आसपास. त्यामुळे रस आणि व्हॅनिला द्रव अवस्थेत एकत्र आले की फाटणारच, तुमच्या हाताचा काही दोष नाही. कांडीत ते जमतं कारण दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते शेजारी गोठलेले असतात. ज्या क्षणी मिसळतात तो क्षण तुमच्या तोंडात येतो.

आणि म्हणून मला ही कांडी सगळ्या आइस्क्रीममध्ये हुशार वाटते. संत्र्याच्या चवीचं आइस्क्रीम ही वेगळी आणि साधी गोष्ट. या कांडीत प्रत्येक चाव्याला आंबट-कडक आणि गोड-मऊ यांची नव्याने भेट होते.

हळदकुंकू

"मिसळतात तो क्षण तुमच्या तोंडात येतो." काय लिहिलंय! आज मुलांना हेच वाक्य सांगून कांडी देणार.

येऊरवासी

केमिस्टसाहेब, एक विचारतो. हल्ली कांडी किंवा कोन घेतला की वेष्टनावर आइस्क्रीम लिहिलेलं नसतं, फ्रोजन डेझर्ट लिहिलेलं असतं. आपल्या लहानपणीच्या चवीत आणि आताच्यात फरक पडला तो यामुळे का?

दूधवाला_केमिस्ट

काही अंशी. नियमाप्रमाणे आइस्क्रीम म्हणायचं तर किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता हवी. फ्रोजन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पती तेल असतं. ते खाण्यालायक नाही असं नव्हे, पण तोंडात वितळण्याची रीत वेगळी. दुधाचं स्निग्ध अंगाच्या उबेला पूर्ण वितळून जातं, म्हणून टाळूला काही उरत नाही. काही तेलांचा थर मागे राहतो. कांडीत हे लगेच जाणवतं, कारण बर्फाने तोंड आधीच गार झालेलं असतं. तेव्हा घरी करणार असाल तर आतलं व्हॅनिला वेष्टन वाचून घ्या, आइस्क्रीम लिहिलेलंच.

ब्राइनवाला

नमस्कार. मी तळोजा एमआयडीसीत एका आइस्क्रीमच्या कारखान्यात अकरा वर्षं कँडी लाइनवर होतो. डॉली कशी बनते ते लिहितो, घरी करायला त्यातलंच तंत्र उपयोगी पडेल.

आधी आत आणि मग बाहेर, असं नसतं. ताईंनी व्हॅनिलाची कांडी रसात बुडवली तिथेच उलटं झालं. कारखान्यात आधी बाहेरचं होतं. स्टीलचे साचे एका रांगेत असतात, ते ब्राइनमधून पुढे सरकत जातात. ब्राइन म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी, उणे तीसच्याही खाली, तरी पातळच. साच्यात रस पडतो. साच्याची भिंत गार, म्हणून रस कडेने गोठायला लागतो आणि मधे पातळ राहतो. ठरलेल्या सेकंदांनंतर वरून नळ्या खाली येतात आणि मधला न गोठलेला रस ओढून घेतात. आता साच्यात राहिला नुसता बर्फाचा पोकळ पेला, दोन-तीन मिलीमीटर जाडीचा. त्यात व्हॅनिला सोडायचं, मऊ असतानाच. मग काडी. मग पुन्हा थंडी. शेवटी साचा क्षणभर कोमट पाण्यातून काढला की बाहेरचा बर्फ सुटतो आणि काडीला धरून अख्खी कांडी वर येते.

नवीन मुलगा लाइनवर आला की त्याला आम्ही आधी ओढून घेण्याची वेळ बघायला उभा करायचो. दोन सेकंद उशीर झाला की पेला जाड, व्हॅनिलाला जागाच नाही. दोन सेकंद लवकर ओढलं की भिंत इतकी पातळ की काढताना फुटते. माझ्या पहिल्या आठवड्यात मी एक अख्खी पाळी जाड पेले काढले. सुपरवायझर काकांनी एक कांडी मधोमध कापून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, हे बघ, मुलाने पैसे कशाचे दिले आणि त्याला काय मिळालं. तेव्हापासून घड्याळावरून नजर काढली नाही.

साधा_वाचक

बर्फाचा पोकळ पेला! इतकी वर्षं खातोय, कधी डोक्यात आलं नाही.

सुगरण_नेरुळ

ब्राइनवाले दादा, मग घरी मीठ-बर्फाने जमेल की. आमच्याकडे मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट भाड्याने आणायचे. लाकडी पिंप, मधे डबा, भोवती फोडलेली लादी आणि खडेमीठ. दांडा फिरवायला चुलत भावंडांची रांग. शेवटी शेवटी दांडा इतका जड व्हायचा की काकांनाच फिरवावा लागायचा.

मुंब्र्याचा_डोंगर

पॉट फिरवायला मी आजही येतो, पण आतलं पातं चाटायचा हक्क माझा, हे आधीच लिहून द्या.

सुगरण_नेरुळ

दिला. पण आधी वीस मिनिटं फिरवायचं.

ब्राइनवाला

बरोबर, मीठ-बर्फच. बर्फात मीठ घातलं की तो वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची ओढतो. मिठाच्या पाण्याची हद्द उणे 21 पर्यंत, घरी उणे बारा-पंधरा सहज मिळतं. तीन भाग चुरलेला बर्फ, एक भाग मीठ. थोडं पाणी घाला म्हणजे साच्याला सगळीकडून टेकेल. स्टीलचे उभे अरुंद पेले घ्या. कुल्फीचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे असतील तर आंबट रस त्यात फार वेळ ठेवू नका.

रस आधी फ्रीजमध्ये गार करा. पेला तीन-चतुर्थांश भरा, मीठ-बर्फात ठेवा. सात-आठ मिनिटांनी तिरका करून बघा, कडेला पांढुरकी भिंत धरलेली दिसेल. मधला रस दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, वाया घालवू नका. रिकामा पेला पाच मिनिटं तसाच थंडीत राहू द्या, भिंत कडक होते. मग व्हॅनिला. ते श्रीखंडाइतपत सैल हवं. पातळ असलं तर भिंत वितळवतं, घट्ट असलं तर मधे पोकळ्या राहतात आणि मग तुमच्यासारखा पापुद्रा निखळतो. वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतं. काडी घालून रात्रभर फ्रीजरमध्ये.

कोकमसरबत

मी मूळची वेंगुर्ल्याची, आता सीवूड्सला. संत्रं नसेल तेव्हा कोकम करून बघा. आगळ नको, ते खारट. अमृत कोकमाचं सरबत जरा दाट ठेवून त्याचा बाहेरचा पेला करायचा, आत व्हॅनिला. रंग इतका सुंदर येतो की कापल्यावर बघत राहावंसं वाटतं. चिमूटभर जिऱ्याची पूड घातली तरी व्हॅनिलाशी भांडत नाही, मला आश्चर्यच वाटलं.

मुंब्र्याचा_डोंगर

जिरं आणि व्हॅनिला? नाही पटत. कोकम एकवेळ ठीक. जांभूळ करा त्यापेक्षा.

कोकमसरबत

आधी खा, मग बोला भाऊ. जांभळाचा गर बर्फात तुरट लागतो, मी केलंय. मीठ आणि लिंबू दोन्ही घातलं तेव्हा कुठे जमलं.

हळदकुंकू

माझं गाव मुरबाडकडे. आमच्याकडे गारेगारवाला यायचा, सायकलला लाकडी पेटी, पों पों भोंगा. दुपारी झोपलेली अख्खी आळी उठायची. चवीला साखरपाणी आणि रंग, पण ते भोंग्यामागे धावत जाणं! ठाण्याला मामाकडे आलं की पहिल्यांदा कळलं की बर्फाच्या आत दूधही असू शकतं.

साधा_वाचक

दुकानातून घेताना एक काळजी घ्या मंडळी. मागच्या मे महिन्यात घोडबंदर रोडच्या एका दुकानातून मुलीला डॉली घेतली. वेष्टन उघडलं तर काडी वाकडी आणि व्हॅनिला सगळं एका बाजूला गोळा झालेलं. वीज गेल्यावर वितळून पुन्हा गोठलेली होती. दुकानदाराला दाखवली तर म्हणाला, सगळ्या तशाच येतात. मुलीने दोन चावे घेऊन माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी वेष्टनावरून हात फिरवून बघतो. कडा सरळ लागल्या पाहिजेत, आत सुट्या बर्फाचे खडे वाजता कामा नयेत, वेष्टन चिकट नको.

ब्राइनवाला

अगदी बरोबर ओळखलंत. एकदा वितळली की व्हॅनिलातली हवा निघून जाते, ती परत येत नाही. मग ते गोठलं तरी दगड होतं.

न्यूजर्सीत_ठाणेकर

विषयांतर करतो. तलावपाळी आता कशी आहे? मी गेलो तेव्हा ठाणे-वाशी गाडी नुकतीच सुरू झाली होती, 2004 संपत आलं होतं. गडकरी रंगायतनला नाटक, मध्यंतरात तिथला बटाटावडा, नाटक सुटल्यावर पाळीवर एक चक्कर, हा आमचा ठरलेला शनिवार.

येऊरवासी

गर्दी वाढली, पण संध्याकाळी वारा सुटला की तशीच आहे. होड्या आहेत. ये, तू आणि मी मिळून फेरी मारू. आणि ताई, तुम्ही केलंत का पुढे काही?

पाचपाखाडीकर

केलं! आठवडाभर लिहिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

शनिवारी लेकीला घेऊन बसले. फळबाजारदादा, नागपुरी मिळाली नाहीत, परदेशी घेतली, पण केमिस्टदादांनी सांगितल्याप्रमाणे साल साखरेत चोळली आणि घरभर वास सुटला. स्टीलचे सहा पेले, जुन्या घमेल्यात मीठ-बर्फ. पहिल्या दोन पेल्यांना चार मिनिटांतच उतावीळपणे तिरकं केलं, सगळा रस बाहेर. बाकीच्या चारांना लेकीने मोबाइलवर आठ मिनिटं लावली. रस ओतून घेतला आणि आत डोकावलो, तर खरंच बर्फाचा पेला! कडेला बारीक सुयांसारखी नक्षी. लेक म्हणाली, आई, यात काही भरूच नको, असाच ठेवू. दोघी खूप वेळ बघत होतो.

सकाळी पेला कोमट पाण्यात धरला, पाचपर्यंत मोजलं, काडी ओढली. आली, अखंड आली. आईच्या हातात दिली. तिने चोखली, चावली, पापुद्रा निखळला नाही. मी श्वास रोखून बघत होते. म्हणाली, "छान झालीय गं. पण ही ती नाही."

मी म्हटलं, अगं, संत्रं आहे, व्हॅनिला आहे. तर म्हणाली, "उलटं केलंस. संत्रं आत असायचं, पांढरं बाहेर. अशी कांडी मिळायची नाहीच. तुझे बाबा दोन ऑरेंज बार घ्यायचे आणि व्हॅनिलाचा एक कप. चौघांत तेवढंच परवडायचं. कप झाकण काढून हातात धरून ठेवायचे, कडेने सुटला की कांडी त्यात फिरवून तुमच्या हातात द्यायचे. आधी तुला, मग दादाला, एक चावा झाला की परत बुडवायची. कप संपेपर्यंत. शेवटी बुडाशी नारिंगी पाणी नि दूध उरायचं, ते मी प्यायचे."

येऊरवासी, तुमचं खरं होतं. ऑरेंज बारमध्ये व्हॅनिला नव्हतंच.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. कप हातात धरून ते का थांबायचे, ते मला तेव्हा कधी कळलं नाही. मला वाटायचं, त्यांना घाई नाही.

येऊरवासी

ताई, मी जिंकलो असं मुळीच वाटत नाहीये. तुमच्या बाबांची कांडी आमच्या कुणाच्या वाट्याला आली नाही.

हळदकुंकू

डोळ्यांत पाणी आलं. आणि तो तळाचा घोट आईचा.

ब्राइनवाला

ताई, तुमच्या बाबांचं तंत्र पक्कं होतं. कांडी पेटीतून निघते तेव्हा खूप गार असते. तिच्याभोवती अर्धवट सुटलेलं व्हॅनिला लागलं की जागच्या जागी धरतं, कारण त्यात साखर, स्निग्ध आणि हवा आहे, ते चिकटून बसतं. नुसता रस पातळ, तो ओघळून जातो. म्हणून तुमचा दुसरा प्रयोग फसला आणि त्यांचा दर रविवारी जमायचा. कप कडेने सुटेपर्यंत थांबायचं, हेच त्यातलं मुख्य. लवकर बुडवली तर व्हॅनिला खरवडल्यासारखं होतं, लागत नाही.

दूधवाला_केमिस्ट

आणि फाटतही नाही, कारण संत्रं गोठलेलं. बुडाशी उरतं ते मात्र थोडं फाटणार.

पाचपाखाडीकर

आई म्हणते, हो, बुडाशी कण कण असायचे, तेच तिला आवडायचं.

काल संध्याकाळी रिक्षा करून तिला तलावपाळीला नेलं. दोन ऑरेंज कँडी, एक व्हॅनिला कप, आइस्क्रीम लिहिलेला. कठड्याशी बसायला जागा मिळाली. कप मी धरला, तिने मला तीनदा थांबवलं, "अजून नाही, अजून नाही." मग स्वतःच माझा हात धरून कांडी बुडवली.

सुगरण_नेरुळ

आणि तळाचा घोट?

पाचपाखाडीकर

तिने लेकीला दिला.